बाबूजी रोज जळगावला जातात

धुळ्याच्या चौथ्या गल्लीतले अमृतलाल शेठ कापडवाले गेल्या पावसाळ्यापासून घराचा जिना उतरलेले नाहीत. उजव्या अंगावरून वारं गेलं, पाय पुष्कळसा सुधारला, पण हात रुसल्यासारखा मांडीवर पडून राहिला. आग्रा रोडवरचं दुकान दोघे मुलगे बघतात. असे हे बाबूजी रोज चारचा चहा झाला की जळगावला जातात. चाळीसगावला गाडी धरतात आणि कजगाव, गाळण, पाचोरा, म्हसावद, शिरसोली करत दिवस मावळायच्या आत जळगाव गाठतात.

ही गाडी कॉम्प्युटरच्या खेळातली. लॅपटॉपची वायर दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीला जोडलेली असते आणि त्यावर इंजिनाच्या काचेतून दिसावे तसे रूळ, खांब, केळीचे मळे पळत असतात. पण बाबूजींच्या तोंडी 'खेळ' हा शब्द कधी आला नाही. 'आज पाचोऱ्याला फार वेळ उभं केलं,' असं ते जेवताना सांगतात आणि ऐकणारा नवखा असला तर खरंच गेले होते की काय म्हणून त्यांच्या पायांकडे बघतो.

घरात ही गाडी एका माणसाच्या डोळ्यांत सलत होती. ती म्हणजे त्यांची थोरली सून, चेलना.

चेलना चोपड्याची. चोपड्याला सगळं आहे, केळी आहे, कापूस आहे, सातपुडा उशाशी आहे. रेल्वे तेवढी नाही. याचं तिला जन्मात कधी वाईट वाटलं नव्हतं. माहेरी जायचं तर एसटी होती, नंतर घरची गाडी आली. पण बाबूजींची ती गाडी सुरू झाल्यापासून हेही तिच्या मनाला लागायला लागलं. बाबूजी रोज जळगावला जातात, आणि जळगाव धाकट्या सुनेचं, रिद्धीचं माहेर. चोपड्याला ते मनात आणलं तरी जाऊ शकत नाहीत. खेळातसुद्धा.

एवढ्याशा गोष्टीवर कुणी जळतं का, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण चेलना या घरात आली तेव्हापासूनचं पाहावं लागेल. ती या घरची पहिली सून. सासूबाई, धापूबाई, स्वभावानं कडक, शब्दानं तिखट. सुरुवातीच्या दिवसांत फुलका जरा करपला तरी त्या ताटातून उचलून बाजूला ठेवायच्या, बोलायच्या नाहीत. अशा वेळी बाबूजी तोच फुलका उचलून खायचे. पुढे कधीतरी सुरतेहून साड्यांचे नमुने आले आणि बाबूजी ते घरी घेऊन आले. गादीवर पसरले आणि चेलनाला हाक मारली. तिनं भीतभीत दोन बाजूला काढले. ते दोन्ही दुकानातून असे उठले की पुढच्या वेळी बाबूजींनी व्यापाऱ्याला तोंडावर सांगितलं, "आमची मोठी बघेल, मग सांगतो." तेव्हापासून हा रिवाजच पडला. संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत उरकलं की बाबूजी दुकानातलं सगळं तिला सांगायचे. कोण गिऱ्हाईक आलं, कुणी घासाघीस केली, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं. तिचा नवरा, त्याचं नाव तरुण, थट्टा करायचा की दुकान माझं की हिचं. चेलना वरकरणी लाजायची. आत मात्र तिला ठाऊक होतं की या घरात तिची एक जागा आहे आणि ती स्वयंपाकघरात नाही.

मग धाकट्या रोनकचं लग्न झालं आणि रिद्धी आली. कॉम्प्युटरचं शिकलेली, हसरी, बोलायला मोकळी. बाबूजींशी पहिल्याच आठवड्यात अशी बोलायला लागली जशी शेजारच्या काकांशी बोलते आहे. चेलनाला हे जरा जास्तच वाटलं, पण तेव्हा मत्सर नव्हता. मत्सर आला तो आजारपणानंतर.

फिजिओथेरपीचे डॉक्टर म्हणाले होते, हात हलवला नाही तर कायमचा जाईल. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. बाबूजींनी तो एकदा दाबला आणि धापूबाईंकडे देऊन म्हणाले, हा आता नातवंडं झाली की त्यांना दे. चेलनानं विनवण्या केल्या, तेल लावलं, बोटं एकेक उघडून दिली. ते सगळं करू द्यायचे, पण आपण होऊन बोट हलवायचे नाहीत. दुकान सुटलं तसा त्यांचा जीवच कशात राहिला नव्हता.

रिद्धीनं एके दिवशी लॅपटॉप आणून पुढ्यात ठेवला. सोबत एक दांडा होता, पुढे ढकलला की गाडी पळते, मागे ओढला की ब्रेक लागतो. तरुणपणी बाबूजी कापडाचे गठ्ठे घेऊन चाळीसगावला गाडी बदलून जळगावच्या बाजाराला जायचे, हे त्यांनीच तिला कधीतरी सांगितलं होतं. कुणा हौशी माणसानं तो सगळा रस्ता खेळासाठी तयार केलेला तिनं शोधून काढला. बाबूजींनी टीव्हीवर चाळीसगावचा फलाट पाहिला आणि न सांगता उजवा हात दांड्यावर ठेवला. धापूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. चेलनाही रडली. तिचं रडणं निराळं होतं, पण त्या वेळी ते कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

पहिल्या दिवशी गाडी कजगावच्या अलीकडेच लाल दिवा ओलांडून गेली आणि खेळ थांबला. बाबूजी चिडले. एवढं समोर आल्यावर लाल दाखवतात, गाडी काय सायकल आहे जागच्या जागी थांबायला, असं त्यांचं म्हणणं. मग रिद्धीनं त्यांना सिग्नल समजावले. रूळ तुकड्यातुकड्यांत वाटलेले असतात. एका तुकड्यात एकच गाडी. तुम्ही सिग्नल ओलांडला की तो तुमच्या पाठीमागे आपोआप लाल होतो, म्हणजे मागच्यानं यायचं नाही. लालच्या आधीच्या खांबावर एक पिवळा दिवा असतो: पुढे लाल आहे, थांबायच्या तयारीनं या. त्याच्याही आधी दोन पिवळे: पुढे एक पिवळा आहे, आतापासून वेग उतरवा. सगळं मोकळं असलं तर हिरवा. मधल्या रस्त्यावरचे सिग्नल आपले आपण बदलतात, स्टेशनात शिरायचा आणि स्टेशनातून निघायचा मात्र कुणीतरी द्यावा लागतो.

बाबूजी म्हणाले, "म्हणजे एका गादीवर एक गिऱ्हाईक. ते उठल्याशिवाय दुसरं बसवायचं नाही. आणि दारातल्याला आधीच सांगून ठेवायचं, की शेठ, जरा हळूहळू या."

"अगदी हेच, बाबूजी," रिद्धी म्हणाली. "लालला गाडी थांबत नाही. पिवळ्यापासून थांबत थांबत येते."

दोघं हसली. चेलना त्या वेळी दारात चहाचे पेले घेऊन उभी होती. दुकानातली गादी, गिऱ्हाईक, ही भाषा बाबूजी आजवर तिच्याशी बोलायचे. ती त्यांनी दुसऱ्या कुणाशी बोललेली तिनं पहिल्यांदाच ऐकली. चहा देऊन ती आत गेली आणि ओट्यावरचं धुतलेलं भांडं पुन्हा धुवायला घेतलं.

बाबूजींचे डोळेही पूर्वीचे राहिले नव्हते. मोतीबिंदू होता, पण रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन लांबवलं होतं. प्रत्येक दिव्याभोवती त्यांना तेजाचं कडं दिसायचं. पिवळा एक की दोन हे उमगायचं नाही, आणि लाल आहे की पिवळा हे खांब अगदी अंगावर आल्यावर कळायचं. म्हणून रिद्धी शेजारी बसून सांगायची. हिरवा. हिरवा. दोन पिवळे. बाबूजी दांडा मागे घ्यायचे. त्या हाताला दिवसेंदिवस बळ येत होतं. डॉक्टर खूश झाले आणि म्हणाले, धाकट्या सूनबाईंना बक्षीस द्या. चेलना तिथेच तेलाची वाटी घेऊन उभी होती.

मग रिद्धीला दिवस गेले आणि पहिलं बाळंतपण म्हणून रीतीप्रमाणे ती जळगावला माहेरी गेली. चेलनानं तिची बॅग स्वतः भरून दिली, डिंकाचे लाडू बांधून दिले, जिन्यापर्यंत हात धरला. वर आली तेव्हा तिला घर मोठं झाल्यासारखं वाटलं. मनाचं मेलं असंच असतं.

ते मोठेपण दोनच दिवस टिकलं. हा खेळ दोन ठिकाणांहूनही खेळता येतो, एकानं गाडी चालवायची आणि एकानं स्टेशनात बसल्यासारखं नकाशा बघून सिग्नल द्यायचे, आणि त्यात लाल ओलांडला तरी खेळ आपोआप थांबत नाही, हे चेलनाला कुठे माहीत होतं. रोनकनं फोन स्पीकरवर लावला. जळगावहून रिद्धी म्हणाली, बाबूजी, काढा गाडी, मी इथे सिग्नलवर बसले आहे. बाबूजींचा चेहरा असा उजळला की चेलनानं तिकडे बघायचं टाळलं. तेव्हापासून रिद्धी घरात नव्हती आणि रोज चारला घरात होती.

बाबूजींनी एक नियम घातला. गाडी सुटली की फोन बंद. सिग्नल देणाऱ्यानं बोलायचं नाही, जे बोलायचं ते दिव्यानं बोलायचं. आता दिवे बघून सांगायला कुणी हवं. मुलगे दुकानात, धापूबाईंना सगळे दिवे दिवाळीचे वाटायचे. उरली चेलना.

तिला आधी बरं वाटलं. शेजारी खुर्ची, मधे हाताच्या अंतरावर बाबूजी, पूर्वीसारखं. ती लवकर शिकली. लांबूनच तिला कळायचं की पुढच्या खांबावर काय आहे आणि त्याच्या पुढच्यावर काय असेल. पण बाबूजींचं बोलणं तिच्याशी नव्हतंच. ती 'हिरवा' म्हणायची आणि ते म्हणायचे, "वा रिद्धी. पाचोऱ्याला थांबवलंच नाही आज. सरळ काढलं." ती 'लाल' म्हणायची आणि ते म्हणायचे, "काहीतरी असेल पुढे. उगाच नाही ठेवायची ती." दिवा रिद्धीचा, कौतुक रिद्धीचं, आणि चेलना काय, तर दिवा वाचणारी. चष्म्याला कुणी शाबासकी देतं का.

भांडी घासायला येणाऱ्या नर्मदाबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. एक दिवस फरशी पुसता पुसता त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "बठ्ठं घर त्या गाडीमा बठेल शे. मोठ्या वैनी, तुमनी गाडी कोनता टेसनवर उभी शे?" चेलना हसली. पण सगळं घर गाडीत बसलं आहे, मग आपण कोणत्या स्टेशनवर, हे तिच्या मनातून रात्रीपर्यंत गेलं नाही.

त्याच सुमारास गावात महासतीजी, म्हणजे जैन साध्वी, मुक्कामाला आल्या. जैन स्थानकात त्यांचं व्याख्यान झालं आणि कुणी कुणी नियम घेतले. चेलनानं उभं राहून हात जोडले आणि रोज लागोपाठ दोन सामायिकं करायचा नियम घेतला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: सामायिक म्हणजे दोन घटका आसनावर बसून संसार बाजूला ठेवायचा. तोंडावर मुहपत्तीची कापडी पट्टी, हातात माळ, मनात नवकार मंत्र. घरादाराचं बोलायचं नाही, कुणी बोलावलं तरी उठायचं नाही. सामायिक ती पूर्वीही करायची, पहाटे. आता घरी येऊन तिनं सांगितलं की पहाटे कामाची घाई होते, मन लागत नाही, म्हणून मी चारला बसत जाईन.

तरुण म्हणाला, चारला तर बाबूजींची गाडी असते. बाबूजींनीच त्याला हातानं गप्प केलं. धर्माच्या आड कुणी यायचं नाही, ते म्हणाले. मी बघेन जवळ बसून. आणि त्यांनी खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ नेली की मान वर करून बघायला लागायचं.

चेलनानं आसन घातलं ते मात्र दिवाणखान्यातच, खिडकीखाली. धापूबाईंनी एकदा विचारलं, "आतली खोली रिकामी आहे, अन् आसन टीव्हीसमोर?"

"इथे उजेड बरा आहे, बाई," चेलना म्हणाली.

सासूबाईंनी तिच्याकडे जरा पाहिलं आणि माळ घेऊन स्वतः आतल्या खोलीत गेल्या.

असे बरेच दिवस गेले. बाबूजी अंदाजानं चालवायचे, फार हळू. रिद्धीलाही कळलं असावं, कारण ती आता त्यांना बहुतेक हिरवाच रस्ता ठेवायची. चेलना माळ ओढायची आणि डोळ्यांच्या फटीतून प्रत्येक खांब बघायची. नवकार कुठपर्यंत आला हे तिला मधेच आठवायचं नाही, पण गाळणच्या सिग्नलला काय होतं ते आठवायचं.

त्या दिवशी बाबूजी रंगात होते. हाताला बरं वाटत होतं, गाडी जोरात काढली होती. पाचोरा मागे पडलं. हिवाळ्याचा दिवस, खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. म्हसावदच्या अलीकडे चेलनाला लांबून दोन पिवळे दिसले. बाबूजींचा हात दांड्यावर तसाच पुढे होता. मग एक पिवळा आला. बाबूजींनी डोळे बारीक केले आणि जुन्या सवयीनं, मान न वळवता विचारलं, "काय आहे गं, एक की दोन?"

चेलनाच्या तोंडावर मुहपत्ती होती. सामायिकात बोलायचं नाही. बोट वर करता आलं असतं, खाकरता आलं असतं. एवढ्यानं नियम मोडत नाही, हे लहान मुलालाही कळतं. ती 'गं' म्हणजे कोण, एवढाच विचार करत होती. त्यांनी चेलनाला विचारलं होतं की तिथे नसलेल्या रिद्धीला? तिनं डोळे मिटून घेतले.

मिटलेल्या डोळ्यांनी तिला ब्रेकचा आवाज ऐकू आला, उशिराचा, आणि मग आदळल्याचा. उघडून पाहिलं तर टीव्हीवर उभ्या मालगाडीचा शेवटचा डबा काचेला चिकटला होता आणि वर इंग्रजीत लाल पट्टी आली होती. बाबूजींचा हात दांड्यावरून घसरून मांडीवर पडला होता. ते घामेजले होते. खरी माणसं मेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

फोन लावला तर रिद्धी लगेच मिळाली नाही. म्हसावदला लाल ठेवून, पुढची मालगाडी निघेपर्यंत बाबूजी थांबतील या भरवशावर, ती जेवायला उठली होती. सूर्य मावळायला आला म्हणून आईनं हाक मारली होती. ती फोनवर आली तेव्हा बाबूजी असे बोलले, जसे ते घरात कधी कुणाशी बोलले नव्हते. त्यांचं म्हणणं, त्यांनी दोन पिवळे पाहिले होते, तेवढ्या हिशेबानं ते वेग उतरवणार होते, आणि तिनं जागेवरून उठता उठता त्यांच्या तोंडावर लाल फेकला. असं करता येतं हे तिनंच त्यांना शिकवलं होतं. गाडी जवळ आल्यावर दिलेला सिग्नल परत घेणं हे सिग्नलवाल्याचं पाप, हेही तिनंच. रिद्धी म्हणत होती, बाबूजी, लाल आधीपासून होता, मी हातसुद्धा लावला नाही. बाबूजींनी फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी चार वाजले आणि गाडी निघाली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. दांड्यावर धापूबाईंनी रुमाल झाकून ठेवला. तरुण म्हणाला, खेळच आहे बाबूजी, तर त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो दुकानात निघून गेला. रिद्धीचा फोन आला की ते झोपल्याचं सांगायला लावायचे. हात पुन्हा मांडीवर पडून राहायला लागला. डॉक्टरांनी बोटं उघडून पाहिली आणि या वेळी काही बोलले नाहीत.

आणि चेलनाला हवं होतं ते मिळालं. सूर्य मावळायच्या आधी ती खिचडी-कढीचं ताट घेऊन बसायची आणि बाबूजी तिच्याशी बोलायचे. रोज बोलायचे. रिद्धीनं असं कसं केलं. रिद्धीवर मी किती विश्वास टाकला. रिद्धी पोटुशी आहे म्हणून बोलत नाही, नाहीतर. रिद्धी, रिद्धी, रिद्धी. चेलना घास भरवायची आणि ऐकायची. रागावले तरी तिच्याच नावानं रागवत होते. कौतुकातही ती, रागातही ती. माणूस मनातून उतरलं की त्याचं नाव निघत नाही. आणि इथे तर प्रत्येक घासाला नाव होतं. गाडी बंद पडली, पण बाबूजी जळगावातच बसून होते.

एका दुपारी रिद्धीनं चेलनाच्या मोबाइलवर फोन केला. आवाज रडून जड झालेला. "भाभी, तुम्ही तिथेच होतात ना. लाल आधीपासून होता ना हो?"

"मी सामायिकात होते," चेलना म्हणाली.

मग रिद्धी म्हणाली, "हो, खरंच की. सामायिकात कोण टीव्ही बघतं. मीही काय विचारते." आणि तिनं चेलनाला तब्येत विचारली, लाडू संपत आल्याचं सांगितलं, फोन ठेवला.

टोमणा असता तर चेलनाला सोसला असता. पण तिनं विश्वास ठेवला होता. त्या संध्याकाळी चेलना आसनावर बसली, माळ हातात घेतली आणि पहिल्या नवकारालाच अडली. टीव्ही बंद होता. बघायला काही नव्हतं, तरी डोळे मिटेनात.

ताट वाढलं तेव्हा बाबूजींनी नेहमीप्रमाणे सुरू केलं. "जेवायला जायचं होतं तर सांगून जायचं. रिद्धीनं माझ्या तोंडावर..."

"लाल आधीपासून होता, बाबूजी," चेलना म्हणाली.

तिनं उचललेला घास परत ताटात ठेवला.

"त्याच्या आधी एक पिवळा होता. त्याच्या आधी दोन पिवळे. मी तिन्ही बघितले. तुम्ही विचारलंत तेव्हा मला ऐकूही आलं. रागवायचं तर माझ्यावर रागवा. तिच्यावर नको."

हे शेवटचं ती रिद्धीसाठी बोलली असं कुणालाही वाटलं असतं. तसं थोडं होतंही. पण बाबूजींचा राग जर या घरात रोज कुणाला मिळणार असेल तर तो आपल्याला का नको, हेही त्यात होतं. चेलनाला आपल्या मनातलं हे दिसत होतं आणि ते झाकायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

बाबूजींनी मान वर केली. "सामायिकात बघितलंस?"

"सामायिकात."

"मग ते सामायिक झालंच नाही."

"नाही झालं," चेलना म्हणाली. "त्या दिवसाचंही नाही, आधीचीही नाहीत."

ती वाट बघत होती. आता आवाज चढेल, आता ताट बाजूला सारतील. बाबूजींनी डाव्या हातानं चमचा उचलला आणि उरलेली खिचडी सावकाश संपवली. दारात धापूबाई ऐकत उभ्या होत्या. मग ते म्हणाले, "पुन्हा करावी लागतील सगळी. पहाटे कर. चारला खुर्चीवर बस." आणि जरा थांबून, "जळगावला फोन लाव."

चेलनानं फोन लावून त्यांच्या कानाशी धरला, कारण उजवा हात पुन्हा वर जाईनासा झाला होता. त्यामुळे दोन्हीकडचं तिला ऐकू येत होतं. बाबूजी म्हणाले, बेटा, चूक तुझी नव्हती, मी उगाच बोललो. रिद्धी रडायला लागली. रडता रडता तिनं विचारलं, मग झालं तरी काय होतं?

"ड्रायव्हरची चूक," बाबूजी म्हणाले. "म्हाताऱ्याला दिसलं नाही."

चेलनाचा फोन धरलेला हात तसाच राहिला. त्यांनी तिला झाकलं होतं. मोठेपणा होता, तिला कळत होता. पण राग तर दिला नाहीच, नावही घेतलं नाही. तिनं फोन स्वतःच्या तोंडाशी ओढला.

"रिद्धी, मी बघितला होता लाल. तुला खोटं सांगितलं. बघितला आणि बोलले नाही."

पलीकडचं रडणं थांबलं. मग रिद्धी म्हणाली, "बाबूजींना सांगा, उद्या चारला गाडी काढा." फोन बंद झाला. 'भाभी' म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी दांड्यावरचा रुमाल निघाला. बाबूजींनी डाव्या हातानं उजवा हात उचलून दांड्यावर ठेवला आणि बोटं एकेक करून वळवली. चेलना शेजारच्या खुर्चीवर बसली. गाडी हळू निघाली. हिरवा, ती सांगत गेली, हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, पुन्हा हिरवा. म्हसावद आलं तेव्हा बाबूजींनी दांडा जरा मागे घेतला. शिरसोली गेली. जळगावात शिरायच्या सिग्नलपाशी लाल होता. बाबूजींनी गाडी खांबाच्या पुष्कळ अलीकडे, अगदी अलगद उभी केली.

थोडा वेळ गेला. "अजून लाल?" त्यांनी विचारलं.

"लाल."

"गाडी असेल फलाटावर."

"असेल," चेलना म्हणाली.

फलाटावर गाडी नव्हती. तिला इथून सगळं स्वच्छ दिसत होतं. पुढचे रूळ मोकळे होते, फलाट रिकामा होता, मागेपुढे काही हलत नव्हतं. बाबूजींना एवढं लांबचं दिसायचं नाही, हे रिद्धीला चांगलं ठाऊक होतं. कुणाला दिसेल, तेही ठाऊक होतं.

चेलना त्या दिव्याकडे बघत राहिली. इतके दिवस तिनं रिद्धीचे दिवे वाचले होते, पण त्यातला एकही तिच्यासाठी नव्हता. ऊन भिंतीवर वर वर चाललं होतं, जेवणं व्हायची होती. आत धापूबाई कुकरचं झाकण लावत होत्या, तिला न बोलावता. बाबूजी दांड्यावर हात ठेवून शांत बसले होते.

"लाल आहे," तिनं पुन्हा सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.